आंबली, पण मुरली का?

आम्ही घरी बिअर करतो हे एकदा मंडळात समजले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती दिवसांत होते?" दुसरा जरा आवाज खाली आणून विचारला जातो : "कायदेशीर आहे ना?"

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देऊन टाकतो. या देशात १८८० सालापासून घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना काढावा लागत असे. १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. तेव्हापासून आपल्या घरच्यासाठी बिअर करायला परवाना नाही की कर नाही. फक्त ती विकायची नाही. म्हणूनच मंडळाच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमात आमची बाटली कधी दिसत नाही, आणि दिसणारही नाही.

पहिल्या प्रश्नाला मात्र दोन पाने लागतात. संपादकांनी तेवढीच दिली आहेत.

"आम्ही" म्हणजे डर्बी आणि आसपासची पाच घरे. वर्षातून सहा-सात वेळा एकत्र जमून बिअर करतो. पाच घरांतले दोघे जण स्वतः थेंबही घेत नाहीत. त्यांना करायला आवडते, आणि हिशेबाची वही त्यांच्याकडेच असल्यामुळे ती विश्वासार्ह आहे. लोक विचारतात तेव्हा आम्ही सांगतो की बिअर आंबते आठवड्यात आणि मुरते दीड महिन्यात. इंग्रजी पुस्तके या दुसऱ्या टप्प्यासाठी 'कंडिशनिंग' असा शब्द वापरतात, आणि तो ऐकून आपल्या माणसाला केसांचा साबण आठवतो. मराठीत दोन स्वच्छ शब्द आहेत. इडलीचे पीठ आंबते, लोणचे मुरते. आंबण्यात धावपळ असते. पीठ रात्रीत पातेल्याबाहेर येते. मुरणे बाहेरून दिसत नाही. बरणीला दादरा बांधून ती फडताळात गेली, की घरातल्या मोठ्या माणसाशिवाय कुणी तिला हात लावायचा नाही. कैरीची फोड पहिल्या आठवड्यात करकरीत आणि खारट असते. तिखट वेगळे, मीठ वेगळे, कैरी वेगळी लागते. महिन्याने तिघांचे मिळून लोणचे होते.

बिअरचे असेच आहे, आणि ज्या घरांत तीन पिढ्या लोणच्याला थांबल्या, त्याच घरांत लोक बिअरला दहा दिवस थांबत नाहीत, याचे आम्हाला नवल वाटते. लेस्टरच्या बाजूच्या एका सभासदांनी हौसेने डबा आणला, सूचनांप्रमाणे सर्व केले, बाटल्या भरल्या आणि नवव्या दिवशी चार मित्रांना बोलावले. बिअर गोडसर, गढूळ आणि हिरव्या सफरचंदाच्या वासाची लागली. मित्र सभ्य होते, पण प्याले अर्धेच रिकामे झाले. दुसऱ्या दिवशी जवळजवळ चाळीस पाइंट मोरीत गेले आणि बादली गॅरेजच्या कोपऱ्यात. आम्हाला हे कळले तेव्हा उशीर झाला होता. आणखी पाच आठवडे थांबले असते, तर तीच बिअर त्याच मित्रांनी मागून घेतली असती. घरची बिअर वाईट असते असे म्हणणारे बहुतेक लोक घरची कच्ची बिअर प्यालेले असतात.

आता बाटलीत नेमके काय चालते ते सांगतो. हायड्रोमीटरचे चित्रही द्यायचे होते, पण आपल्या छायाप्रतीत ते काळे ठिपके होऊन येईल, म्हणून शब्दांवरच भागवून घ्यावे.

बिअर म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड काढा. त्यात हॉप्स या वेलीची फुले उकळून कडूपणा आणि वास आणायचा, निववायचा आणि यीस्ट घालायचे. घरी बहुतेक जण घट्ट केलेल्या काढ्याचा डबा आणतात. पूर्वी असे डबे बूट्ससारख्या औषधांच्या दुकानात आणि पुढे विल्कोमध्ये मिळत. जुनी विल्को कंपनी २०२३ साली बुडाली, तेव्हापासून आम्ही टपालाने मागवतो. डब्यात पाणी घालून २३ लिटर, म्हणजे चाळीस पाइंट होतात. यीस्ट साखर खाते आणि तिचा मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड करते. पहिले तीन दिवस बादलीत नुसता धुमाकूळ असतो. पाचव्या-सहाव्या दिवशी फेस खाली बसतो, आणि माणसाला वाटते, झाले!

झालेले नसते. त्या धुमाकुळात यीस्टने दोन-तीन नको असलेल्या वस्तूही सोडलेल्या असतात. एक अॅसिटाल्डिहाइड, म्हणजे तो हिरव्या सफरचंदाचा वास. दुसरी डायअॅसिटिल, तिची चव लोण्याची किंवा सिनेमागृहातल्या मक्याच्या लाह्यांची. गंमत अशी की या वस्तूंचा निकाल लावणारेही यीस्टच. साखर संपली की भुकेलेले यीस्ट मागे वळून आपलाच पसारा आवरू लागते. अॅसिटाल्डिहाइडचा मद्यार्क करते, डायअॅसिटिल शोषून घेऊन निरुपद्रवी करते. त्यासाठी त्याला ऊब हवी आणि वेळ हवा. म्हणून फेस बसल्यावरही बादली आणखी आठवडाभर तशीच, १८ ते २० अंश सेल्सियसला, झाकलेली ठेवायची. इथे घाई केली तर पुढच्या सगळ्या मुरण्याचे काम अवघड होते.

मग हायड्रोमीटर. हे काचेचे तरंगणारे नळकांडे द्रव किती दाट आहे ते सांगते. आमच्या गेल्या हिवाळ्यातल्या बिटरचा आकडा सुरुवातीला १.०४१ होता, शेवटी १.०१० वर आला. म्हणजे सुमारे चार टक्के मद्यार्क. पण आकडा किती यापेक्षा तो हलायचा थांबला का, हे आम्ही जास्त पाहतो. लागोपाठ तीन दिवस तोच आकडा आल्याशिवाय आमच्यात कुणी बाटलीला हात लावत नाही. हा नियम चवीसाठी नाही, जिवासाठी आहे.

बाटलीत बिअर भरताना आपण मुद्दाम थोडी साखर घालतो. आमचे प्रमाण २२ लिटरला १३० ग्रॅम. पाण्यात उकळून, निववून, सगळ्या बिअरमध्ये एकदमच मिसळायची. चमच्याने बाटलीबाटलीत घातली तर एकीत जास्त, एकीत कमी पडते. शिल्लक यीस्ट ही साखर खाते, पण आता वर घट्ट टोपण असते. वायूला जायला वाट नसते, म्हणून तो बिअरमध्ये विरघळतो. बिअरला फेस आणि चुरचुर येते ती अशी. या मापाने लिटरभर बिअरमध्ये सुमारे सव्वादोन लिटर वायू मावतो. घरी बिअर करणाऱ्यांचा संकेत असा, की साध्या बाटलीत तीनच्या वर जाऊ नये. आता हायड्रोमीटरचे चारच पॉइंट उतरायचे राहिले असताना कुणी बाटल्या भरल्या, तर ती राहिलेली साखर आणखी दोन लिटरची भर घालते. सव्वाचार. आणि बाटली काचेची.

हे कागदावरचे गणित नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात जिन्याखालच्या कपाटात रात्री दोन वाजता एक बाटली फुटली, तिच्या धक्क्याने शेजारची, अशा सहा. त्याच कपाटात मुलांचे बूट आणि दप्तरे होती. काचा दाराच्या लाकडात रुतल्या होत्या. सकाळी आठ वाजता हे झाले असते तर काय, याचा विचार त्या घरातल्या आईने आमच्यासमोर मोठ्याने केला, आणि तेव्हापासून पाचही घरांत बाटल्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या खोक्यांत, खाली जमिनीवर आणि मुलांच्या वाटेबाहेर असतात. एअरिंग कपबोर्ड उबदार असते म्हणून लोकांना मोह होतो. तिथे ठेवू नका.

या बाबतीत आम्हाला सर्वात चांगला प्रश्न एका सासूबाईंनी विचारला. त्या रत्नागिरीहून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. घरात बिअर होते हे त्यांना सांगावे की न सांगावे, यावर त्या घरात बराच खल झाला होता. शेवटी बाटल्या भरायचा दिवस उजाडला आणि लपवणार तरी काय? त्या खुर्ची ओढून स्वयंपाकघरात बसल्या. दहा मिनिटे पाहून म्हणाल्या, "अहो जावईबापू, बुचं एवढी घट्ट ठोकताय, पण आतलं फसफसायचं थांबलंय ना?"

"थांबलंय, आई. तीन दिवस मोजलंय."

"मग हरकत नाही. आमच्याकडे एका मे महिन्यात आंब्याचा रस नीट न आटवता बाटल्यांत भरला होता. माळ्यावर बार उडाले. तुमचे मामंजी बंदूक समजून अंगणात पळाले."

पुढे त्या बाटल्यांवर देखरेखही त्यांनीच केली. बिअर त्यांनी कधी चाखली नाही. पण कुणी आठवड्यात बाटली उघडायला गेले, की "लोणचं उपसायला आलात का?" एवढे विचारत. पाचांपैकी त्या एका घरातली बिअर दर वेळी वेळेवर मुरली, यात आम्हाला काही आश्चर्य वाटले नाही.

फुटण्याची धास्ती कमी करायला एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक खेपेला एक बाटली सोडा-लेमोनेडची प्लास्टिकची भरायची. भरताना ती दाबली की मऊ लागते. दिवसागणिक ताठ होत जाते. दगडासारखी झाली की वायू तयार झाला असे समजावे. चार दिवसांतच तशी झाली, तर काहीतरी गडबड आहे. मग सगळ्या बाटल्या शक्य तितक्या थंड कराव्यात, कारण थंडीत वायू बिअरमध्येच राहतो आणि दाब उतरतो. त्यानंतर जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा लावून, बाटलीवर टॉवेल टाकून, एकेक टोपण सैल करावे. काचेच्या बाटल्या बिअरच्याच घ्याव्यात. वाइनच्या, सरबताच्या किंवा दुधाच्या बाटल्यांचा जन्म या कामासाठी नाही. आणि तपकिरीच घ्याव्यात. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत गेला की हॉप्समधल्या कडू द्रव्याचे जे होते, त्याला इंग्रजीत स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधाचे नाव आहे. उपमा अगदी बरोबर आहे.

बाटल्या भरल्यावर पहिले दोन आठवडे १८ ते २२ अंशांत ठेवायच्या, म्हणजे यीस्ट जागे राहून साखर संपवते. टोपणाखाली अडकलेला थोडाफार ऑक्सिजनही ते खाऊन टाकते, हा बाटलीत मुरवण्याचा मोठा फायदा आहे. मग महिनाभर गार जागेत, १० ते १२ अंशांत. गॅरेज किंवा बाहेरची शेड इथल्या हवेत ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत फुकटचे शीतगृहच आहे. इथल्या थंडीबद्दल आपण इतकी तक्रार करतो, तेव्हा तिचा हा उपयोग नोंदवून ठेवावा. गारव्यात यीस्ट निवांत होऊन तळाला बसते, सातूतली प्रथिने आणि हॉप्समधले तुरट अंश एकमेकांना धरून खाली येतात, आणि बिअर ताकावरच्या निवळीसारखी स्वच्छ होते. कडूपणाची धार बोथट होते, ती मुख्यतः या खाली बसण्यामुळे.

आमच्या वहीत त्याच बिटरची नोंद आठवड्यागणिक आहे. दर शनिवारी एक बाटली पाच जणांत वाटून. पहिला आठवडा : गोड, वायू नाही, ओल्या पावाचा वास. दुसरा : उघडताना फुस्स आवाज, मोठे बुडबुडे, फेस लगेच गेला, सफरचंद. तिसरा : सफरचंद गेले, कडूपणा जिभेवर वेगळा बसतो. पाचवा : बुडबुडे बारीक, फेस पेल्याच्या तळापर्यंत टिकला. सहावा : या रकान्यात कुणीतरी फक्त "वा!" असे लिहिले आहे, आणि ज्यांच्याकडे वही असते ते स्वतः पीत नाहीत, म्हणजे हे दुसऱ्या कुणाचे अक्षर आहे. आठवाही उत्तम. सोळाव्या आठवड्यात हॉप्सचा वास उतरल्याची नोंद आहे.

म्हणजे मुरण्यालाही हद्द असते. चार टक्क्यांची साधी बिटर दीड ते तीन महिन्यांत संपवावी. त्यापुढे ऑक्सिजनचा परिणाम दिसू लागतो आणि चव ओल्या पुठ्ठ्याकडे झुकते. गव्हाची बिअर आणि वासासाठी भरपूर हॉप्स घातलेली बिअर तर ताजीच चांगली. चार आठवड्यांनंतर तिला थांबवून ठेवणे म्हणजे मोगऱ्याचा गजरा जपून ठेवणे. उलट सात-आठ टक्क्यांची काळी बिअर सहा महिन्यांच्या आत उघडू नये. डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप या कंपनीने १९६८ मध्ये थॉमस हार्डी या लेखकाच्या नावाने एक तीव्र बिअर काढली होती. तिच्या बाटल्यांवर साल छापलेले असे, आणि ती २५ वर्षे टिकेल असे कंपनी सांगत असे.

मुरण्याच्या या गोष्टीत आपली मुंबईही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेला बो या भागात हॉजसन नावाच्या कुटुंबाचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची गोदी जवळच. हॉजसन जहाजांच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत, म्हणून त्यांची फिकी, भरपूर हॉप्सची बिअर हिंदुस्थानाला जाऊ लागली. त्या काळी इंग्लंडातल्या जमीनदारांच्या तळघरात अशी ऑक्टोबरमध्ये केलेली बिअर वर्ष-दोन वर्षे मुरवत. इथे तळघराचे काम जहाजाने केले. सुवेझचा कालवा १८६९ पर्यंत नव्हता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार-सहा महिने पिंपे डुलत मुंबईला, मद्रासला, कलकत्त्याला पोहोचत, आणि उतरेपर्यंत बिअर मुरलेली असे. १८२० च्या दशकात या व्यापारात बर्टनचे ऑलसॉप उतरले. बर्टनच्या पाण्यात जिप्सम असल्यामुळे तिथली फिकी बिअर अधिक चांगली होई, आणि मग बर्टनने बो गावाला मागे टाकले. आज आपण जिला इंडिया पेल एल म्हणतो, तिची ही पूर्वपीठिका. साहेबांच्या टेबलावर ही फिकी बिअर असे. साधे गोरे शिपाई मात्र काळी पोर्टर पीत आणि ती याहून अधिक प्रमाणात जाई. आम्हा डर्बीकरांना बर्टन म्हणजे शेजारचे गाव. मुंबईला माल पाठवणाऱ्या गावाशेजारी येऊन मुंबईच्या लोकांनी बादलीत बिअर करावी, यात काहीतरी फिट्टंफाट झाली आहे असे आम्हाला उगाच वाटते.

जर्मन लोकांनी तर मुरण्यावरूनच नाव ठेवले. 'लागर' हा शब्द साठवून ठेवण्याच्या क्रियापदावरून आला आहे. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायलाच बंदी घातली, कारण उन्हाळ्यातली बिअर नासत असे. मग हिवाळ्यात करून ठेवलेली बिअर गार गुहांत उन्हाळाभर पुरवायची. आपल्याकडची नेहमीची बाटलीबंद बिअर याच जातीची, पण गाळून आणि पाश्चराइज केलेली. तिच्यात जिवंत यीस्ट नसते, म्हणून ती कपाटात ठेवून मुरत नाही, नुसती जुनी होते. इथल्या पबमध्ये हाताने पंप ओढून जी बिटर देतात, ती मात्र तळघरात पिंपातच मुरत असते. अशी बिअर नाहीशी होऊ नये म्हणून १९७१ मध्ये 'काम्रा' ही संघटना निघाली. या देशात नवीन आलेला आपला माणूस ती पहिल्यांदा पितो आणि "गरम आहे, सपक आहे" म्हणून पेला सरकवतो. आमच्यातल्या तिघांनी तेच केले होते. बारा अंश म्हणजे गरम नव्हे, आणि त्या गारव्याला चव जास्त कळते. एकदा घरी मुरवून पाहिली की पबमधल्या त्या पेल्याबद्दलचे मत आपोआप बदलते.

ओतताना बाटली एका दमात, तिरकी धरून, न हलवता ओतावी आणि तळाचा बोटभर गाळ बाटलीतच ठेवावा. गाळ विषारी नाही, पण पोट फार बोलके करतो.

ज्यांना ३१ डिसेंबरच्या रात्री घरची बिअर पाहुण्यांपुढे ठेवायची आहे, त्यांच्यासाठी हिशेब असा : बादलीत दोन आठवडे, उबेत दोन, गारव्यात चार, एकूण आठ. आठ आठवडे मागे मोजले की ५ नोव्हेंबर येतो. म्हणजे गाय फॉक्सच्या फटाक्यांच्या रात्रीपर्यंत बादली भरलेली हवी. आमची पाच घरे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जमतात. ज्यांना पाहायला यायचे असेल त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे आणि येताना अर्ध्या लिटरच्या तपकिरी, पीळ नसलेल्या तोंडाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन आणाव्यात. लेबले काढून आणल्या तर फारच उत्तम. पोहे आमच्याकडे.